लहान मुलांना घेऊन अलिबाग: तिथी पाहून आखलेली तीन दिवसांची सहल

पहिल्यांदा अलिबागला गेलो तेव्हा आमचा थोरला साडेतीन वर्षांचा होता आणि धाकटी आठ महिन्यांची. खोलीवर सामान टाकलं आणि दुपारी साडेबाराला किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार लांब गेलेला. मधे ओल्या, चिखलट वाळूचा मोठा पट्टा आणि अलीकडची कोरडी वाळू तव्यासारखी तापलेली. थोरल्याचे तळवे पोळले, धाकटीच्या डोळ्यांत ऊन गेलं, दहा मिनिटांत दोघांना उचलून परत फिरलो. संध्याकाळी फोनवर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांचं माहेर श्रीवर्धनचं. त्यांनी एवढंच विचारलं, "आज तिथी काय आहे ग?" अष्टमी होती. "मग भर दुपारी ओहोटीच असणार. तिथी बघून निघायचं असतं."

त्यानंतर आम्ही चारदा गेलो, प्रत्येक वेळी तिथी बघून. सात-आठ वर्षांच्या आतली मुलं घेऊन पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्यांनी हॉटेल शोधण्याआधी हे गणित करावं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तारीख ठरवण्याआधी तिथी

किनाऱ्यावरच्या घरांत चालत आलेला हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ ला भरती. त्याच्या सव्वासहा तास आगेमागे पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी ९ च्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे जमतं. या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे तारखा ठरल्या की भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघा. आखणीला मात्र भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोनेक दिवस उधाण असतं. भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक या किनाऱ्यावर चार मीटरच्या वर जातो आणि पाणी झपाट्याने चढतं-उतरतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे फरक कमी आणि पाणी मवाळ.

आता लहान मूल बाहेर काढण्याजोग्या वेळा दोनच: सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. मधल्या वेळात ऊन सोसवत नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच राहतो की या दोन वेळांना पाणी कुठे हवं.

मुलांना पाण्यात पाय घालून खेळायचं असेल तर नवमी ते द्वादशी निवडा. ओहोटी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान होऊन जाते आणि संध्याकाळी पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असतं. ओहोटीचं पाणी आत ओढतं. ते उतरत असताना लहान मुलाला घोट्याच्या वर पाण्यात नेऊ नका. चढत्या पाण्यात मात्र तुम्हीच मुलाला घेऊन पावलापावलाने मागे सरत राहायचं, आणि मुलांना त्याच खेळाची सगळ्यात गंमत वाटते.

अलिबागसमोर समुद्रात असलेला आणि ओहोटीला चालत गाठता येणारा कुलाबा किल्ला बघायचा असेल तर तृतीया ते पंचमी बरी. सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि उधाण नुकतंच सरल्यामुळे वाट चांगली उघडी पडते. पाणी आणि किल्ला दोन्ही एका सहलीत नीट साधत नाहीत. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर मी पाणी निवडीन आणि किल्ला पुढच्या खेपेला ठेवीन.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात उकाड्याने मुलं जेवत नाहीत. जून ते सप्टेंबर समुद्र मुलांसाठी नाहीच, लांबून बघायला ठीक. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या शक्यतो टाळा. वडखळच्या अलीकडे-पलीकडे गाडी दोन-दोन तास अडकली की मागच्या सीटवर काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक.

अलिबागच का, आणि अलिबागमध्ये कुठे

कोकणात याहून सुंदर किनारे आहेत. तरी पहिल्या सहलीसाठी मी अलिबागच सांगते, कारण ते रायगड जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आहे. जिल्हा रुग्णालय आहे, बालरोगतज्ज्ञ आहेत, औषधांची दुकानं आहेत. रात्री अकराला मूल तापाने फणफणलं की या गोष्टीचं मोल कळतं.

राहायला मात्र गावात नको. अलिबागचा किनारा काळसर वाळूचा, गजबजलेला, घोडागाड्या आणि वाळूतल्या मोटारींचा. मुलांसाठी आक्षी किंवा नागाव बघा. आक्षी पाच-सहा किलोमीटरवर, नागाव त्याच्या थोडं पुढे. दोन्हीकडे किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. त्या सावलीत चादर अंथरून तान्हं मूल निजवता येतं आणि समोर थोरल्यावर लक्ष ठेवता येतं. नागावला शनिवार-रविवारी पाण्यातल्या खेळांची गर्दी होते, आक्षी त्यामानाने शांत. आक्षीच्या नावाला एक वेगळा मानही आहे: मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, शके ९३४ चा, इथलाच. शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला हे जरूर सांगा, "एवढ्या जुन्या काळीही लोक आपल्यासारखं लिहीत होते?" असं आमच्या मुलाने विचारलं होतं. उत्तरेला वरसोली जवळची, किहीम झाडीचं आणि निवांत. काशीदची पांढरी वाळू बघून मोह होतो, पण ते अलिबागहून तीसेक किलोमीटर लांब आहे आणि तिथे पाणी लवकर खोल होतं. लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरायला मी ते कधीच सुचवणार नाही.

खोली ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न

नागाव-आक्षीला वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय भरपूर आहे. नारळी-पोफळीची सावली, अंगणात झोपाळा, घरचं जेवण, सगळं छान. पण फोटोंवर जाऊ नका, फोन करा आणि घरच्या बाईंशी बोला.

पहिला प्रश्न विहिरीचा. या वाड्यांमध्ये जागोजाग विहिरी असतात आणि जुन्या विहिरींचा कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढाच असतो. वर जाळी आहे का, हे स्पष्ट विचारा. आम्ही एका ठिकाणी न विचारता गेलो होतो. उघडी विहीर खोलीच्या दारापासून पंधरा पावलांवर, आणि तीन दिवस आमच्यापैकी एक जण फक्त विहिरीकडे बघत बसलेला. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण-फाटक आहे का तेही असंच विचारायचं. तलाव दारासमोर उघडा असेल तर ती जागा सोडा, कितीही स्वस्त मिळाली तरी.

मग बाकीचं: खोली तळमजल्यावर आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, वीज गेल्यावर पंखा चालतो का, किनाऱ्यावर जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. आणि शेवटी जेवणाचं. "काकू, धाकटीला मऊ भात लागतो, तिखट चालत नाही, सकाळी साताला दूध गरम करून मिळेल का?" असं आधीच बोलून ठेवलं की बहुतेक घरांत मनापासून करतात. या प्रश्नाला कंटाळल्यासारखं उत्तर आलं तर दुसरं घर बघा.

जायचं कसं

मुंबईहून दोन जलमार्ग आहेत. गेटवेहून मांडव्याला लाँच आणि कॅटामरान जातात. तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते, पण पावसाळ्यात ही बोटसेवा बंद असते. भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यात गाडी चढवता येते आणि तासाभरात मांडवा येतो. मुलं घेऊन जाताना मी रो-रोच घेते: बोट मोठी म्हणून हलते कमी, स्वच्छतागृह आहे, आणि गाडीतलं सामान उचलावं लागत नाही. तिकीट आधी काढा आणि सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर पोचा. थंडीत बोटीच्या मागे समुद्रपक्ष्यांचे थवेच्या थवे येतात. लोक त्यांना गाठी-वेफर टाकतात. तुम्ही टाकू नका, नुसतं बघू द्या. मुलाला कठड्याजवळ उचलून घेताना मात्र कडेवर पक्कं धरा, कठड्यावर बसवू नका.

रस्त्याने मुंबईहून साधारण शंभर किलोमीटर, पनवेल-पेण-वडखळ-पोयनाड असं. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे दीडशेच्या आत. घाटात मुलांना मळमळतं, म्हणून निघण्याआधी पोटभर दूध पाजू नका. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या, आलेपाक जवळ ठेवा, आणि पहाटे साडेपाचला झोपलेलीच गाडीत घाला. एसटीने जाणार असाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं, आणि २०२३ पासून महिलांनाही अर्धं.

पिशवीत काय

कपडे आपण नेतोच. विसरतं ते असं: मुलाचा कपड्यांचा एक पूर्ण जोड हातातल्या पिशवीत, कारण बाकीचे नेमके डिकीच्या तळाशी असतात. खोबरेल तेल. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं. ताप मोजायचं यंत्र, आणि तुमच्या डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेला तापाच्या औषधाचा डोस कागदावर लिहून. काटा काढायचा चिमटा. बॅटरी. जुनी चादर, जुनं सुती धोतर किंवा साडी. मेतकूट, तूप आणि गुळ-शेंगदाण्याचे लाडू. मेतकूट-भात असला की कुठल्याही गावात मूल उपाशी राहत नाही.

खेळणी विकत घेऊ नका. घरातली चाळण, नरसाळं, पळी, इडलीचा साचा आणि दोन प्लॅस्टिकचे डबे न्या. ओल्या वाळूच्या इडल्या पाडण्यात आमच्या धाकटीचा एक अख्खा तास गेला.

कपड्यांच्या रंगाचं एक सांगते. निळा, पांढरा, हिरवट किंवा खाकी कपडा पाण्यात आणि वाळूत दिसेनासा होतो. मुलांना भडक केशरी, गडद गुलाबी नाहीतर पोपटी घाला. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि कान झाकणारी टोपी उन्हाला पुरते, उघड्या अंगाला ऊन-प्रतिबंधक मलम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम न लावता सावलीतच ठेवा.

पहिला दिवस: फक्त ओळख

पोचलात की जेवा आणि झोपा. किनाऱ्यावर साडेचारच्या आत जाऊ नका. निघताना उघड्या अंगाला खोबरेल चोळा, म्हणजे खारं पाणी आणि वाळू कमी झोंबते. डायपर काढून टाका. तो खारं पाणी पिऊन फुगतो आणि मांड्या घासून काढतो. मुलाच्या दंडावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा.

काही मुलं समुद्राला घाबरतात. आमचा थोरला पहिल्या संध्याकाळी माझ्या खांद्याला चिकटला तो उतरेचना. लाटांचा आवाज त्याला नको होता. अशा मुलाला ओढून पाण्यात नेऊ नका, त्याच्या दंडाला धरून लाटेत उभं करणारा मामा-काका बरोबर असेल तर त्यालाही थांबवा. पाण्याकडे पाठ करून, वाळूत लांब बसा. वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेली गोळी करून बाजूला ठेवतात. हालचाल न करता दोन मिनिटं बसलात की ते बिळातून बाहेर येतात. हे बघता बघता तो माझ्या मांडीवरून उतरला आणि खेकड्यांच्या मागे सरकत सरकत कधी ओल्या वाळूत पोचला ते त्यालाही कळलं नाही.

लक्ष ठेवायची पाळी लावून घ्या. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि पाळी असलेल्याच्या हातात फोन नाही. "सगळे आहोत ना इथे" असं वाटत असतानाच मूल नजरेआड होतं. पाण्यात तुम्ही मुलाच्या आणि समुद्राच्या मधे उभं राहायचं, मागे नाही.

परतल्यावर वाळू ओल्या टॉवेलने पुसू नका, कातडं सोलवटतं. आधी सुकू द्या, मऊ सुती कापडाने झटका, मग कोमट पाण्याने अंघोळ.

दुसरा दिवस: एकच मोठी गोष्ट

लहान मुलांच्या दिवसात एक मोठी गोष्ट मावते. दोन घातल्या की दोन्ही बिघडतात.

किल्ला निवडला असेल तर पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी अलिबागच्या किनाऱ्यावर या. चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाट ओली, मधे खडकाळ, म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला घाला. घोडागाडीही मिळते. गाडीवाल्या दादांना आधी विचारा, "पाणी किती वाजता भरायला लागेल?" आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत निघा. शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि पुढे ते आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालं. आत गणपतीचं देऊळ आहे, तिथे थंडगार वाटतं. चतुर्थीला गर्दी धरून चाला. चारी बाजूंना खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याचा साठा आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत, मुलं तिथेच सगळ्यात जास्त रमतात. तटाला सगळीकडे कठडा नाही, हात सोडू नका. आणि आत असताना पाणी चढलं, तर कुणी "चला, गुडघाभरच आहे" म्हणालं तरी मुलांना घेऊन उतरू नका. आत थांबा. पुढची ओहोटी येते, किंवा होडीची सोय होते.

किल्ला नको असेल तर सासवण्याचं करमरकर शिल्पालय बघा. शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं राहतं घर आणि बाग, आणि त्यात त्यांनी घडवलेली माणसं, जनावरं. तिथली म्हैस इतकी खरी आहे की धाकटी तिला गवत द्यायला निघाली होती. मांडव्याहून जाता-येता वाटेवर पडतं.

केळ्याच्या आकाराची बोट, वेगवान बोटी, आकाशात उडवणारी छत्री, हे सगळं आठ वर्षांखालच्या मुलांना नाहीच. मुलाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट बहुधा नसतं आणि मोठ्यांचं जाकीट पाण्यात गळ्यावरून निघून येतं.

दुपारी माशाचं जेवण. मुलांना सुरमई किंवा पापलेट द्या, काटे मोठे आणि काढायला सोपे. बांगडा-मांदेलीचे काटे लहानग्यांना नकोत. जिताडा ही इथली खासियत, पण तो मोठ्यांनी मागवावा. शाकाहारी असाल तर घावने, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर काकूंना पोपटीबद्दल आधी सांगून ठेवा: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. अंधारात ती आग बघणं आणि गरम शेंगा सोलून खाणं, मुलांना याच्यापुढे कुठल्याच बोटीची आठवण येत नाही. जाळापासून त्यांना दहा पावलं लांब बसवा.

काही झालंच तर

जेलीफिश लागला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. किनाऱ्यावर वाळलेला जेलीफिशही डंख करतो, म्हणून काडीनेसुद्धा टोचू देऊ नका. श्वास लागला, ओठ सुजले, तर थेट १०८. समुद्रात कुणी अडकलं तर ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने. लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर वाट न बघता रुग्णालय.

तिसरा दिवस

सकाळी एकदा समुद्रावर जाऊन या, अर्धा तास पुरे. नाहीतर मुलं गाडीत पेणपर्यंत "आपण बाय केलंच नाही" म्हणत राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला असाल तर वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. हा अलिबागचा प्रसिद्ध कांदा, गोडसर, मुलं कच्चा खातात. एक माळ घ्याच. ताडगोळेही त्याच दिवसांत येतात.

मुलांनी गोळा केलेले शंख पिशवीत भरण्याआधी एकेक करून ओल्या वाळूवर ठेवा आणि शांत बसा. पाचेक मिनिटांनी काही शंख चालू लागतात, आत खेकडा राहायला आलेला असतो. चालणारे तिथेच ठेवायचे, न चालणारे घरी न्यायचे. मागच्या खेपेला धाकटीच्या अकरा शंखांपैकी चार चालत गेले, आणि ती प्रत्येकाला हात हलवून निरोप देत होती.